पाझर पाइपने वाफ्यांना आणि झुडपांना पाणी: टाकीवर चालणाऱ्या बागेसाठी

सोकर म्हणजे पाझर पाइप. त्याच्या खोक्यावरचं चित्र साधारण एकच असतं: काळा पाइप झाडांमधून नागमोडी गेलेला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला सारखा घाम फुटलेला. चित्र खोटं नसतं, पण त्यातला नळ आपल्याकडचा नसतो. युरोप-अमेरिकेत घरच्या नळाला मेन लाइनचा दोन-तीन बारचा दाब दिवसरात्र मिळतो. आपल्याकडे पुणे असो, नाशिक असो की सोलापूर, बहुतेक बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये बागेचा नळ गच्चीवरच्या टाकीवर चालतो. त्या टाकीत पालिकेचं, बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं असं सगळं मिसळलेलं पाणी असतं. म्हणजे दाब कमी आणि पाणी क्षाराचं किंवा गाळाचं. सोकर पाइप आपल्याकडे फसतो तो या दोन गोष्टींमुळे. त्या आधी तपासून घेतल्या तर वाफ्यांसाठी याच्याइतकी सोपी सोय नाही.

हा पाइप करतो काय

जुन्या टायरच्या रबराचा चुरा पॉलिथिनमध्ये मिसळून हा पाइप ओढतात. त्यामुळे त्याची भिंतच सच्छिद्र होते आणि हाताला ती खरखरीत लागते. पाण्याला ठरावीक भोक नसतं, ते सगळ्या अंगातून पाझरतं आणि पाइपच्या दोन्ही बाजूंना ओलीचा सलग पट्टा तयार होतो.

ठिबकच्या ड्रिपरमध्ये पाण्याला वळणावळणाची वाट दिलेली असते आणि तासाला 2, 4 किंवा 8 लिटर असा त्याचा आकडा ठरलेला असतो. सोकरचा असा आकडा नसतो. दाब बदलला की पाझर बदलतो, पाइप जुना झाला की बदलतो, एकाच गुंडाळीतल्या दोन टोकांतही थोडा फरक सापडतो. म्हणून ‘अर्धा तास लावा’ असं कोणी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही. तुमच्या नळावर, तुमच्या पाइपने किती पाणी जातं हे तुम्हालाच मोजावं लागेल. ते कसं मोजायचं ते पुढे येईलच.

दुकानात एक गोंधळ हमखास होतो. ‘रेन पाइप’ नावाचा सपाट, बारीक भोकं पाडलेला पाइप मिळतो. कांदा, लसूण, पालेभाजी अशा पिकांवर शेतकरी तो वापरतात. तो फवारा उडवतो, पाझरत नाही. घराच्या भिंतीलगतच्या वाफ्यात तो लावला तर भिंत आधी भिजेल. सोकर घेताना पाइपचं टोक डोळ्यासमोर धरून बघा: भिंत जाड, काळी आणि दाणेदार हवी.

सोकर कुठे लावावा? मेथी, पालक, मिरची, वांगी असे भाजीचे वाफे. झेंडू-शेवंतीचे दाट वाफे. मेंदी, डुरांटा किंवा कामिनीचं सलग कुंपण. कुंड्यांना तो निरुपयोगी आहे. उतारावर आणि दोन-दोन मीटरवर विखुरलेल्या झुडपांना मी तो लावत नाही, तिथे साधं ठिबक बरं.

आधी दाब बघा, मग पाइप घ्या

पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब. ठिबकवाले यालाच ‘एक किलो’ म्हणतात. टाकीच्या तळापासून वाफ्यापर्यंतची उभी उंची मोजा. एकमजली घरावरची टाकी वाफ्यापासून चार मीटर वर असेल, तर दाब 0.4 किलो. दुमजली घराला सात मीटर धरले तर 0.7. टाकी बागेपासून लांब असेल तर तिरक्या पाइपची लांबी मोजू नका. ती धरली तर दाब फुकटचा जास्त दिसतो. उंची तेवढीच खरी.

नळ बदाबदा वाहतो म्हणून दाब चांगला आहे असं समजू नका. नळाखाली पंधरा लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली तर पाण्याचा पुरवठा भरपूर आहे एवढंच कळतं. सोकरला पुरवठा थोडाच लागतो. त्याला पाणी भिंतीतून बाहेर ढकलणारा जोर लागतो आणि तो फक्त उंचीतून येतो.

यावरून लांबी ठरवा. कंपन्या एका ओळीला साधारण तीस मीटरपर्यंत मर्यादा सांगतात, पण ती पूर्ण दाबाला. टाकीच्या पाण्यावर माझा हिशोब असा: एकमजली घर असेल तर एका ओळीत आठ-दहा मीटर, दुमजली असेल तर पंधरा मीटर. जास्त लागत असेल तर ओळ लांबवू नका, दुसरी ओळ काढा आणि तिला वेगळा व्हॉल्व्ह द्या. दोन्ही आलटून पालटून चालवा.

घरात प्रेशर पंप बसवलेला असेल तर अडचण उलटी. दीड-दोन किलोच्या पुढे दाब गेला की पाइपमधून बारीक पिचकाऱ्या उडायला लागतात आणि जोडाशी तो फाटतो. तिथे प्रेशर रेग्युलेटर लावा, किंवा निदान व्हॉल्व्ह अर्धवट उघडा. पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावण्याचा विचार मात्र करू नका. तो नियमबाह्य आहे आणि शेजाऱ्यांचं पाणी ओढणारा आहे.

जमिनीवर विटांच्या चौथऱ्यावर ठेवलेल्या ड्रमवरून सोकर चालवावा का, असं पुष्कळ जण विचारतात. मीटरभर उंची म्हणजे 0.1 किलो दाब. तेवढ्यावर सोकर जेमतेम ओला होतो. ड्रमसाठी ठिबकची पातळ टेप घ्या, ती कमी दाबावर चालण्यासाठीच असते.

सामान

तालुक्याच्या गावातल्या ठिबकच्या दुकानात सगळं मिळतं, आणि शहरातल्या गार्डन सेंटरपेक्षा स्वस्त मिळतं. सोकर पाइप मात्र तिथे नसेलही. तो ऑनलाइन किंवा नर्सरीत घ्यावा आणि त्याचा वीतभर तुकडा घेऊन ठिबकवाल्याकडे जावं. कारण अर्धा इंची सोकरच्या आतलं माप आणि 16 मिमी लॅटरलचे (ठिबकच्या साध्या नळीचे) जॉइनर कधी घट्ट बसतात, कधी ढिले.

लागेल ते असं:

- बॉल व्हॉल्व्ह, ओळीला एक
- नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा), एक
- 120 मेशचा छोटा स्क्रीन फिल्टर, पाऊण इंची
- नळापासून वाफ्यापर्यंत साधी 16 मिमी लॅटरल किंवा गार्डन पाइप
- टी, जॉइनर, एंड कॅप, स्टीलचे क्लॅम्प, टेफ्लॉन टेप
- पाइप जमिनीला धरून ठेवायला जाड जीआय तार

या यादीतल्या दोन गोष्टी लोक पैसे वाचवायला गाळतात. एक, फिल्टर. सोकरची छिद्रं डोळ्यांना दिसतही नाहीत इतकी बारीक असतात. टाकीच्या तळाचा गाळ एकदा भिंतीत जाऊन बसला की तो बाहेर काढता येत नाही. ड्रिपर बदलता येतो, सोकरचा अख्खा पाइपच फेकावा लागतो.

दुसरी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. टाकी रिकामी झाली आणि खाली कुणी नळ उघडला तर घरातल्या लाइनमध्ये उलटी ओढ तयार होते. सोकर मातीत पडलेला असतो, त्याच्या छिद्रांतून मातीचं, शेणखताचं पाणी त्या ओढीने मागे येऊ शकतं. त्याच लाइनवर स्वयंपाकघराचा नळ असेल तर ही गोष्ट किती घाणेरडी आहे ते वेगळं सांगायला नको. व्हॉल्व्हवर बाणाची खूण असते, ती बागेच्या दिशेने ठेवा.

माती बघून आखणी

काळ्या मातीत पाणी हळू मुरतं पण आडवं पसरतं. मुरमाड किंवा वाळूच्या मातीत ते सरळ खाली जातं. म्हणून मुरमाड वाफ्यात दोन ओळींमध्ये फूटभर, म्हणजे 30 सेंमी अंतर ठेवा. काळ्या भारी मातीत 45 ते 60 सेंमी चालतं. कोकणातली जांभ्याची लाल माती मुरमाच्या बाजूची धरा. वाफ्यात भरपूर कंपोस्ट घातलेलं असेल तर दोन्हींच्या मधलं अंतर घ्या आणि पुढे खुरप्याने खात्री करा.

चार फूट रुंदीच्या वाफ्याला काळ्या मातीत दोन ओळी पुरतात, मुरमात तीन-चार लागतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांच्या खोडापासून पाइप चार-पाच बोटं दूर ठेवा. खोडाला चिकटून कायम ओल राहिली की मर आणि खोडकूज आलीच म्हणून समजा.

उतार असेल तर पाइप उताराला आडवा, समपातळीत टाका. वरून खाली सोडू नका. एक मीटर उतार म्हणजे 0.1 किलोचा फरक. तीन किलो दाबाच्या घरात तो जाणवत नाही, पण 0.4 किलोवर चालणाऱ्या पाइपमध्ये तो चौथा हिस्सा आहे. खालचं टोक चिखलात आणि वरचं कोरडं राहतं ते यामुळेच.

आणखी एक युक्ती, जी मला सगळ्यात उपयोगी वाटते: पाणी पाइपच्या टोकाला देऊ नका, मध्यात द्या. दहा मीटरची ओळ असेल तर मधोमध कापून तिथे टी बसवा आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर जाऊ द्या. दोन्ही टोकांना एंड कॅप. कमी दाबात असमान पाझराचा त्रास निम्मा इथेच संपतो.

जोडणी

नवा पाइप गुंडाळीतून निघाला की वेटोळी सोडत नाही. तासभर उन्हात पसरून ठेवा, मऊ पडतो. मग सरळ टाका आणि जाड तारेचे वीत-दीड वीत तुकडे हेअरपिनसारखे वाकवून दर मीटरला एक असे दाबत चला. पाइप कुठे दुमडला तर पुढचं सगळं कोरडं राहील. वळण घ्यायचंच असेल तर मोठं घ्या, किंवा तिथे कापून एल्बो लावा.

नळापासूनचा क्रम असा: बॉल व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न, फिल्टर, मग साधी लॅटरल वाफ्याच्या तोंडापर्यंत, आणि तिथून सोकर. नळापासूनच सोकर सुरू केला तर वाटेतल्या फरशीलगत तण उगवेल आणि वाफ्यापर्यंत पोहोचेपर्यंत दाब गेलेला असेल.

एंड कॅप लगेच लावू नका. आधी टोकं उघडी ठेवून पाणी सोडा. पहिल्या पाण्याबरोबर काळा चुरा, कापल्याचे तुकडे, लाइनमधली माती असं सगळं बाहेर पडतं. पाणी स्वच्छ यायला लागलं की मगच टोपणं बसवा. ही टोपणं कायमची चिकटवू नका, ती पुढे उघडावी लागणार आहेत.

घमेल्याचं माप

आता ते मोजमाप. पाणी सोडून अर्धा तास जाऊ द्या, म्हणजे पाइपमधली हवा निघून पाझर स्थिर होतो. मग ओळीच्या सुरुवातीला पाइपचा बरोबर एक मीटर भाग उचला, त्याचा सैल वेढा करून घमेल्यात किंवा परातीत बसवा आणि पंधरा मिनिटं थांबा. जमलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजा. तेच ओळीच्या शेवटी करा.

समजा सुरुवातीला अर्धा लिटर आणि शेवटीही जवळपास तेवढंच जमलं. म्हणजे मीटरला तासाला दोन लिटर. शेवटी निम्म्याहून कमी जमलं तर ओळ लांब झाली आहे: कापा, किंवा मध्यातून पाणी द्या.

आता वाफा. चार मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद, म्हणजे 4.8 चौरस मीटर. त्यात चार-चार मीटरच्या दोन ओळी, आठ मीटर पाइप. मीटरला दोन लिटरप्रमाणे तासाला 16 लिटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं. भाजीला दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर धरले तर वाफ्याला 24 लिटर लागतील, म्हणजे दीड तास. एक दिवसाआड द्यायचं असेल तर तीन तास. आकडे तुमचे निघतील ते घाला, रीत हीच.

‘तीन तास?’ असं म्हणून लोक दचकतात, कारण हातात पाइप धरून दहा मिनिटांत बाग ‘भिजवायची’ सवय असते. त्या दहा मिनिटांत वरची दोन बोटं माती भिजते आणि उरलेलं पाणी वाफ्याबाहेर जातं. तीन तासांत जाणारं पाणी अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे तीन बादल्यांच्या थोडं वर. पाइपने भिजवताना त्याहून जास्त सहज जातं.

खुरप्याची तपासणी

हिशोब कागदावर बरोबर आला तरी मातीत बघायलाच हवं. पाणी बंद केल्यावर मुरमाड मातीत दोन तासांनी, काळ्या मातीत दुसऱ्या दिवशी सकाळी, पाइपपासून वीतभर अंतरावर खुरप्याने खड्डा घ्या. भाजीसाठी वीत-सव्वा वीत खोल. तळाची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे ओल हवी तेवढीच आहे. बोटांमधून पाणी आलं किंवा माती हाताला चोपडी लागली तर वेळ कमी करा. गोळाच झाला नाही तर वाढवा.

दोन ओळींच्या बरोबर मध्येही एक खड्डा घ्या. तिथे खाली ओल भेटली नाही तर वेळ वाढवून उपयोग नाही, ओळी जवळ आणा. मुरमात हे हमखास होतं: पाणी पाइपखाली दोन फूट गेलेलं असतं आणि वीतभर बाजूची मिरची सुकत असते.

काळ्या मातीचं एक वेगळं. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असेल तर पहिलं पाणी सरळ भेगांतून खाली जातं. आधी भेगांवर खुरप्याने माती ओढा, झारीने हलकं पाणी मारून भेगा मिटू द्या, मग सोकर लावा. त्यानंतर वाफा पुन्हा भेगाळेपर्यंत कोरडा पडू देऊ नये.

बी पेरलेल्या वाफ्यात सुरुवातीचे आठ-दहा दिवस सोकरवर विसंबू नका. मेथी, कोथिंबीर, पालक यांचं बी वरच्या अर्ध्या इंचात असतं आणि सोकरची ओल वरच्या थरात सगळीकडे पोहोचत नाही. नाहीतर पाइपच्या दोन्ही कडांना हिरव्या रेघा उगवतात आणि मधला वाफा मोकळा राहतो. उगवण होईपर्यंत झारी, नंतर सोकर.

झुडपांचं गणित निराळं

जास्वंद, मोगरा, अनंत, तगर, कढीपत्ता, लिंबू: यांना रोज थोडं पाणी नको. त्यांना खोल आणि सावकाश पाणी हवं, मध्ये माती थोडी सुकू द्यावी. भाजीच्या वाफ्यांच्या व्हॉल्व्हवर झुडपं जोडू नका. एकाच वेळापत्रकावर दोन्ही खूश राहत नाहीत.

किती पाणी? ठिबकच्या शिफारशींत वापरलं जाणारं साधं सूत्र घरीही चालतं: दिवसाचं बाष्पीभवन (उघड्या पात्रातून दिवसभरात उडणारं पाणी) मिलिमीटरमध्ये, गुणिले 0.7 हा बाष्पीभवन पात्राचा गुणांक, गुणिले झाडाचा गुणांक (झुडपांना 0.7 धरा), गुणिले झाडाच्या पसाऱ्याचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये. मीटरभर व्यासाच्या जास्वंदीखाली साधारण 0.8 चौरस मीटर जागा येते. मार्चमध्ये बाष्पीभवन आठ मिलिमीटर धरलं तर रोजचे तीन लिटर होतात. दर तिसऱ्या दिवशी दिलं तर नऊ. पठारावरच्या मे महिन्यात बाष्पीभवन दहाच्या आसपास किंवा वर जातं, तेव्हा रोजचे चार लिटर धरा.

आता पाइप. झुडपाची पाणी शोषणारी मुळं खोडाजवळ नसतात, फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली असतात. दुपारी बाराला सावली जिथे संपते तिथे पाइपचं कडं करा. पण मीटरभर पसाऱ्याला कडं तीन मीटरहून मोठं होतं. अशी पाच झुडपं म्हणजे सोळा मीटर सोकर, आणि आपल्या दाबावर एवढा एका ओळीत चालत नाही. म्हणून सुटी झुडपं असतील तर साधी 16 मिमी लॅटरल त्यांच्या बाजूने न्या आणि प्रत्येक झुडपाला समोरासमोर दोन ड्रिपर द्या. चार लिटरचा साधा ड्रिपर एक किलो दाबाला चार लिटर देतो. 0.4 किलोला तो तासाला अडीच लिटरच्या आसपास येतो. दोन ड्रिपरचे पाच लिटर, म्हणजे नऊ लिटरला पावणेदोन-दोन तास. इथेही भांडं लावून खात्री करा.

सलग कुंपणाला मात्र सोकरच उत्तम. रोपं दाट असतात, खोडापासून वीतभर अंतरावर एक सरळ ओळ पुरते. कुंपण उंच आणि जुनं असेल तर दोन्ही बाजूंना एकेक.

नव्या झुडपाबद्दल थोडं सावध. नर्सरीतून आलेलं रोप बहुतेक वेळा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. आपण ते काळ्या मातीत लावतो. सोकरचं पाणी भोवतीच्या काळ्या मातीत पसरतं, तिथे ओल दिसते, आणि लाल गोळा आतून कोरडाच राहतो. रोप मान टाकतं, आपण पाणी वाढवतो, बाहेर चिखल होतो, आत फरक पडत नाही. लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या करा, गुंडाळलेली मुळं सोडवा. पहिले दोन आठवडे आळं करून तांब्याने थेट गोळ्यावर पाणी घाला. सोकर किंवा ड्रिपर पहिल्या मोसमात खोडापासून वीतभरावरच ठेवा आणि रोप पसरेल तसा बाहेर सरकवा.

झाका, पण पुरू नका

सगळं नीट चालतंय अशी खात्री झाल्यावर पाइपवर तीन-चार बोटं जाडीचं आच्छादन घाला: पालापाचोळा, वाळलेलं गवत, मिळालं तर उसाचं पाचट. उन्हाने रबर कडक होऊन तडकतं ते थांबतं आणि ओल टिकते. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा. पाचटाला वाळवी लागते, ती खोडावर चढता कामा नये.

पाइप मातीत पुरण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. मुळं छिद्रांवर चिकटतात, गळती दिसत नाही, आणि पुढच्या खुरपणीत पाइप कुठे होता हे कुदळीने कापल्यावरच कळतं.

वेळ आणि टायमर

पाणी पहाटे सुरू करा. थंडीत आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात वाफ्यांना दिवसाआड, ऑक्टोबरच्या उकाड्यात मधलं काहीतरी. पावसाळ्यात आठ-दहा दिवस उघडीप पडली तरच.

नळाला बसणारे बॅटरीचे टायमर सोयीचे असतात, पण घेताना एक विचारा: आत सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह) आहे की बॉल व्हॉल्व्ह? सोलेनॉइडवाल्यांना उघडायला पाण्याचा किमान दाब लागतो, टाकीच्या पाण्यावर ते नीट उघडत नाहीत किंवा बंद होत नाहीत. बॉल व्हॉल्व्हवाले शून्य दाबालाही चालतात. खोक्यावर ‘किमान दाब’ लिहिलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या.

देखभाल

पंधरा दिवसांतून एकदा फिल्टरची जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. महिन्यातून एकदा एंड कॅप उघडून पाणी मोकळं सोडा. उघडताना टोकाखाली पांढरी वाटी धरली तर बरंच कळतं. तांबूस गाळ असेल तर टाकी धुवायची वेळ झाली आहे. हिरवे तंतू आले तर शेवाळ आहे, म्हणजे पाण्यावर कुठेतरी ऊन पडतंय: टाकीचं झाकण उघडं असेल किंवा मधला गार्डन पाइप पारदर्शक असेल. पांढरे कण म्हणजे क्षार.

बोअरच्या जड पाण्यावर क्षाराचं दुखणं टाळता येत नाही. पाइपवर पांढरी पुटं दिसायला लागली की तो सोडवून घ्या, पाण्यात व्हिनेगर घालून रात्रभर बुडवा आणि सकाळी चोळून धुवा. शेतकरी ठिबकला आम्ल सोडतात, पण ते मोजून, हातमोजे घालून केलेलं काम असतं. नवख्याने घरच्या लाइनमध्ये ते करू नये. घमेल्याचं माप दर मोसमाला पुन्हा घ्या. पहिल्या मापापेक्षा पाझर निम्म्यावर आला आणि धुऊनही सुधारला नाही, तर पाइप बदला.

जीवामृत, गांडूळपाणी, विरघळवलेलं शेण यातलं काहीही या पाइपमधून सोडू नका. दुहेरी फडक्यातून गाळलं तरी त्यात राहणारा बारीक गाळ छिद्रं बुजवायला पुरेसा असतो. ते तांब्याने मुळाशी घाला, आच्छादन बाजूला सारून.

उन्हाळ्यात खारी आणि उंदीर पाण्यासाठी पाइप कुरतडतात. एखाद्या ठिकाणी अचानक डबकं दिसलं तर तिथे दातांच्या खुणा सापडतील. तेवढा तुकडा कापून जॉइनर आणि दोन क्लॅम्प लावा, पाच मिनिटांचं काम आहे. बागेच्या कोपऱ्यात मातीचं पसरट भांडं भरून ठेवलं तर हा उपद्रव थोडा कमी होतो, पूर्ण थांबत नाही.

जूनमध्ये पाऊस लागून राहिला की पाइप काढून घ्या. चिखलात चार महिने पडला तर बाहेरून गाळ चिकटून बुजतो आणि तण काढताना पायात येतो. टोकं उघडून पाणी निथळू द्या, फडक्याने पुसा, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा आणि खिळ्याला न टांगता फळीवर आडवा ठेवा. टांगला की त्याच जागी दुमड पडते. प्रत्येक ओळीला दोरीने चिठ्ठी बांधा: कोणता वाफा, किती मीटर, तासाला किती लिटर. दसऱ्यानंतर वाफे पुन्हा धराल तेव्हा आखणी नव्याने करावी लागत नाही. फक्त घमेलं लावून जुना आकडा जमतो का तेवढं बघायचं.